खळ्यासारखं मैदान

हरळीचा तो कोंब बोटाच्या पेराएवढाही नव्हता, पण खळ्याच्या ऐन मध्यावर, मळणीचे बैल जिच्याभोवती फिरतात ती मेढ रोवायच्या भोकाच्या काठाशी, परवाच सारवलेल्या शेणाला बारीक चीर पाडून तो वर आला होता — फिकट, टोकाशी किंचित तांबूस — आणि भाईदास पाटील उकिडवा बसून त्याच्याकडे बघत राहिला होता. उपटायला हात पुढे गेला होता, तो तसाच परत येऊन गुडघ्यावर पडला. ओढला तर कोंब हातात येईल आणि मूळ खाली राहील, हातभर खोल, आणि मूळ राहिलं म्हणजे आठ दिवसांनी पुन्हा हेच. हे काय त्याला कोणी शिकवायला हवं होतं? पन्नाशी उलटलेला माणूस, तीस-पस्तीस वर्षं खळी घालतोय, दादर ज्वारीची कणसं शेतात खुडून पडलीयेत, दोन दिवसांत ती इथं आली पाहिजेत आणि हा बसलाय गवत बघत. ऊठ की, तो स्वतःला म्हणाला. पण उठला नाही.

फाल्गुन लागला की त्याचं हे असं व्हायचं. गेली सहा वर्षं. बायको तापीबाई म्हणायची, उन्हाळा बाधतो तुम्हाला, कांदा ठेवत जा खिशात. तो ठेवायचा. कांद्यानं जाण्यासारखं ते असतं तर किती सोपं होतं... खळं सारवून झालं, ऊन चढायला लागलं आणि जमिनीतून तो वाळत्या शेणाचा कोरडा वास यायला लागला, की त्याच्या कानात एक आवाज व्हायचा. ओला ऊस गुडघ्यावर मोडावा तसा. एकदाच. नंतर शांतता, आणि त्या शांततेत एक चामड्याचा फुटबॉल अजून घरंगळतोच आहे, घरंगळतोच आहे, अडायला गवताचं एक पानसुद्धा नाही...

गवत होतं की. शाळेमागचं मैदान म्हणजे नुसती हरळी. गावची गुरं चरून चरून ती जमिनीलगत दाट झालेली, वर पाय ठेवला तर किंचित दबायची आणि पाय उचलला की परत वर यायची. धुळ्याला मॅट्रिकपर्यंत शिकताना भाईदासला फुटबॉलचं वेड लागलं होतं, आणि शेती बघायला ब्राह्मणपुरीला परत आल्यावर इतर पोरं तमाशाचा फड आणतात तसा हा फुटबॉल घेऊन आला. वडील म्हणाले, गुजराच्या पोरानं नांगर धरावा, चेंडूला लाथा कसल्या मारतोस. पण संघ झाला. पहिली वर्षं सगळे हसले, मग बघायला लागले, मग भांडायला लागले, आणि गाव एकदा भांडायला लागलं की समजावं, खेळ रुजला.

आणि मग वीरसिंग आला. काठी गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याचा पाडा, ऊसतोडीला म्हणून मुकादमाबरोबर खाली उतरलेला, विशीतला, अंगानं सडसडीत. एका संध्याकाळी बाहेर गेलेला चेंडू त्यानं नुसता पायानं परत ढकलला, अनवाणी, डोक्यावर चाऱ्याचा भारा तसाच ठेवून — आणि तो चेंडू मैदान ओलांडून पलीकडच्या गोलात गेला. भाईदासनं त्याला त्याच दिवशी आपल्याकडे सालदार म्हणून, वर्षाच्या बोलीवर, ठेवून घेतलं. लोक म्हणाले, पाटलाला सालदार हवा होता. कसला सालदार हवा होता! त्याचं धावणं हवं होतं. खरं सांगायचं तर त्याचं वळणं हवं होतं. भरधाव जाताना तो उजवा पाय रोवायचा आणि क्षणात सगळं अंग डावीकडे फिरवायचा, आणि समोरचा माणूस आपला उजवीकडेच धावत राहायचा, एकटा, बावळटासारखा. रोवलेल्या पायाखाली हरळीचा एक गोळा मातीसकट निघायचा. सामना संपला की मैदानात जागोजाग तसे खड्डे दिसायचे, वळायच्या जागी. भाईदासला त्या खड्ड्यांचा राग यायचा. मैदान खराब करतो लेकाचा, तो म्हणायचा, कौतुकानंच, पण म्हणायचा.

तो राग होता म्हणूनच... नाही. राग नाही, हौस. अठ्ठावन्न साली शहाद्याचा संघ येणार होता, मामलेदारसाहेब स्वतः येणार होते, आणि पाहुण्यांपुढे हरळीचं मैदान दाखवायचं ही कल्पनाच कोणाला सहन होईना. ज्याच्या शेतात हरळी दिसते त्याच्याकडे सोयरिकीला माणूस येत नाही, अशी आपली जात. त्यात आपल्याला सगळ्यात चांगलं काय येतं? खळं घालता येतं. तापीकाठच्या गुजरासारखं खळं कोणी घालून दाखवावं, आरशासारखं, दाणा पडला तर दाणा दिसावा. मग मैदानाचंच खळं करू या, असं कोण बोललं? चुनीलाल म्हणतो, तू बोललास. मीच बोललो. सगळ्यांना ते इतकं पटलं की कोणी दुसरं काही बोललंच नाही. आठ दिवस गाव राबलं. हरळी कुदळीनं खणून काढली, मुळांसकट, बायकांनी तिचे ढीग करून जाळले. विहिरीचं पाणी सोडून जमीन भिजवली, वाफसा आल्यावर तीस बैलजोड्या फिरवल्या, दगडी रूळ ओढला, चोपण्यांनी चोपलं, आणि शेवटी मधल्या भागाला आणि दोन्ही गोलांपुढे शेणाचा हात दिला. घरोघरचं शेण आलं. सुकल्यावर भाईदासनं फुटबॉल हातातून खाली टाकला तर तो छातीएवढा उसळून आला. लोक खूष. लहानथोर बायामाणसं नुसतं मैदान बघायला येऊन गेली. असं मैदान शहाद्याला नाही, नंदुरबारला नाही, असं प्रत्येक जण प्रत्येकाला सांगत होता आणि भाईदास त्यातून मान ताठ करून फिरत होता. अजूनही त्या जागेला भाईदास पाटलाचं मैदान म्हणतात.

"भाईदास, बैल कवा जोडूत?"

चुनीलाल बांधावरून येत होता. चुलतभाऊ, शाळेच्या कमिटीचा चेअरमन, कायम घाईत. बोलायला सुरुवात तो लांबूनच करायचा, म्हणजे जवळ पोचेपर्यंत निम्मं बोलून झालेलं असे. पाडव्याला सामना ठेवायचा होता. सहा वर्षांत मोठा सामना झाला नव्हता, गावाची नवी पोरं तयार झाली होती, आणि मैदानात परत हरळी माजली होती.

"मी सगळासले सांगी ठेवेल शे," चुनीलाल म्हणाला. "शेन, बैल, माणसं. तू फक्त उभा ऱ्हाय. त्या सालसारखंच करनं शे."

"गवत ऱ्हाऊ दे औंदा," भाईदास म्हणाला.

"गवत? येडा व्हयना का तू? लोके हासतीन."

"त्या साली वीरसिंगना पाय मोडना."

"मग? खेळमा मोडना. खळावर आजलोंग कोना पाय मोडना का? आपला बाप-आजा खळावरच मोठा व्हयना." चुनीलालनं खाली वाकून खळ्यावर तळहात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. "संध्याकायपर्यंत सांग. तूच करशी ते चांगलं व्हई."

तो गेला. भाईदासकडे अजून सांगण्यासारखं होतं, सहा वर्षं तोंडात धरून ठेवलेलं होतं, पण चुनीलालशी बोलताना ते कधी बाहेर येत नसे. खळ्यावर कोणाचा पाय मोडत नाही हे खरंच होतं. खळ्यावर कोणी भरधाव धावून वळतच नाही. बैल गोल फिरतात, सावकाश, तोंडाला मुसकं बांधून. हे एवढं साधं तेव्हा कोणाच्याही डोक्यात आलं नाही... एक तरी शहाणा असता. सगळे शेतकरीच होतो आम्ही.

ऊन चढलं तसा तो लिंबाच्या सावलीला गेला. सामन्याच्या त्या दिवशीही लिंबच होता, मैदानाच्या कडेचा. वीरसिंग त्याखाली बसला होता, धुळीनं पाय पांढरे, दोन दिवस चालून आलेला. तो येणारच नव्हता. होळीला पाच-सहा दिवस होते आणि त्यानं त्या वर्षी देवाचं व्रत धरलं होतं. काठीच्या होळीला नवस असलेले पुरुष धरतात ते — खाटेवर निजायचं नाही, अंघोळ नाही, बायकोच्या हातचं खायचं नाही, स्वतःचं स्वतः रांधायचं. पालनी म्हणतात ते लोक. त्यासाठी तो महिना आधीच रजा घेऊन वर गेला होता. आणि भाईदासनं गड्याला, सुपडूला, निरोप घेऊन डोंगरात पाठवलं. काय निरोप? पाटलाची अब्रू जाते, एवढाच. वीरसिंग निघाला. निघताना बायकोनं, फुलीबाईनं, मागून पळत येऊन फडक्यात भाकरी बांधून दिली, कारण वाटेत रांधणार कुठं आणि खाणार काय. लग्नाला वर्ष झालं नव्हतं त्यांच्या. लिंबाखाली बसून त्यानं ते फडकं सोडलं, मोर म्हणतात त्या भगरीसारख्या डोंगरी धान्याची भाकरी, वाळून कडक झालेली, अर्धी मोडून भाईदासपुढे धरली. घ्या भाऊ. भाईदासनं तुकडा घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाला, लवकर आटप, मामलेदार आले. वीरसिंगनं उरलेली भाकरी खाल्ली, वर पाणी प्यायला, आणि मैदानाकडे बघून हसला. हे तुम्ही खळं कोणासाठी घातलंय, त्यानं विचारलं. तुझ्यासाठी, भाईदास म्हणाला. अगदी याच शब्दांत म्हणाला. माणूस काय काय बोलून जातो.

पहिला गोल वीरसिंगनंच केला. चेंडू जमिनीवरून इतका सरळ आणि वेगात जात होता की दोन्हीकडची माणसं त्याच्यामागे नुसती धापा टाकत होती. शहाद्याच्या कप्तानाचा घोटा आधीच मुरगळला होता, आपल्याकडच्या दोघांचे गुडघे सोलपटले होते, पण ते चालायचंच, खेळ म्हटलं की. मग वीरसिंगला उजव्या बाजूनं चेंडू मिळाला, तो निघाला, समोर दोघं आले, आणि त्यानं नेहमीसारखा उजवा पाय रोवला. कोणी त्याला ढकललं नाही, कोणी हात लावला नाही. हे भाईदासनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, रेषेवर उभं राहून, चार हातांवरून. अंग वळलं. पाय नाही वळला. जिथं रोवला होता तिथंच राहिला, जसा काही जमिनीनं धरून ठेवला. तो आवाज झाला आणि चेंडू पुढे घरंगळत गेला.

धुळ्याच्या दवाखान्यात पाचव्या दिवशी डॉक्टरांनी भाईदासला व्हरांड्यात बोलावलं. तरुण डॉक्टर, चष्मा, हातात अर्धवट प्यायलेला चहा. कसल्या जमिनीवर खेळत होते, त्यांनी विचारलं. भाईदासनं सांगितलं, जरा अभिमानानंच सांगितलं की काय कोण जाणे, कसं भिजवलं, कसं चोपलं. डॉक्टरांनी पेला खिडकीत ठेवला.

"गवत का काढलंत? गवत असतं तर पायाखालचं ढेकूळ निघालं असतं, पाय सरकला असता, तो पडला असता आणि उठून हसला असता. जमीन सुटली नाही, म्हणून गुडघा सुटला."

रागानं नाही म्हणाले. दमलेल्या माणसासारखं म्हणाले, आणि पुढच्या रोग्याकडे गेले. भाईदास व्हरांड्यात उभा राहिला. डोळ्यांपुढे ते खड्डे आले, वळायच्या जागेचे, मातीसकट निघालेले गोळे. म्हणजे ते मैदान खराब करणं नव्हतं. दर वेळी जमीन थोडी सुटत होती, म्हणून तो माणूस शाबूत राहत होता... आणि आम्ही काय केलं, तर जमिनीनं सुटायचं नाही असा बंदोबस्त केला. आठ दिवस खपून.

आत गेला तेव्हा वीरसिंग जागा होता. पाय फळीला बांधलेला. डाक्टर काय म्हणे, त्यानं विचारलं. सांगायला तोंड उघडलंही होतं, देवाशपथ उघडलं होतं, पण त्याआधी वीरसिंगच बोलला.

"मन्हीच चूक शे, भाऊ. पालनीमा उनू. देवनी मोडा."

त्या वेळी काय घाई होती? काही नव्हती. खाटेशेजारी एक स्टूल होतं, त्यावर बसायचं आणि सांगायचं, अरे बाबा, देवाचा काही संबंध नाही, माझ्या मैदानानं तुझा पाय मोडला. वीरसिंगनं ऐकलं असतं. भाईदास म्हणेल ते तो ऐकत असे, म्हणून तर डोंगर उतरून आला होता. पण भाईदास म्हणाला, "हां. तसंच व्हई." आणि वर, "व्रतमा येवाले नको व्हतं तू." आपणच बोलावून घेतलेल्या माणसाला. हे शेवटचं वाक्य तर कोणी मागितलंही नव्हतं. ते का बोललो हे मला अजून कळलेलं नाही, म्हणजे कळलेलं आहे, पण ते कळणं मी फार वेळ हातात धरत नाही.

पाय जुळला, पण सरळ झाला नाही. ऊसतोड संपली, सालदारकी संपली, वीरसिंग पाड्यावर परत गेला. भाईदास दरसाल सुपडूबरोबर धान्य पाठवायचा, गूळ पाठवायचा. वरून निरोप यायचा, पाटलांना राम राम सांगा. लोक म्हणायचे, भाईदास पाटील मोठ्या मनाचा माणूस, एका सालदाराला सहा वर्षं विसरला नाही. विसरता आलं असतं तर कोण धान्य पाठवत होतं.

दुपार होत आली तेव्हा बांधावर एक बाई उभी दिसली. डोक्यावर काही नाही, हातात एक लहानसं गाठोडं, उन्हात तशीच उभी, पुढे यावं की नाही ठरवत असल्यासारखी. भाईदासनं डोळ्यांवर हात धरला. चेहरा ओळखीचा वाटला आणि ओळख पटायच्या आधीच तो उठून उभा राहिला. दवाखान्यात ती दोनदा आली होती. तेव्हा मुलगी होती, आता बाई झालेली, गालाची हाडं वर आलेली.

"फुलीबाई? ये, सावलीमा ये. बठ."

ती सावलीच्या कडेला बसली, निम्मी उन्हातच. त्यानं मडक्यातून पाणी दिलं, ते ती प्यायली. भाकरी खातेस का विचारलं, तर मान हलवली. तळोद्यापर्यंत पायी आणि तिथून एस.टी.नं आली होती, एकटी. वीरसिंग बरा आहे का, त्यानं विचारलं. ती म्हणाली, या थंडीत गुडघा परत सुजला, आता घराच्या पायरीवर बसून असतो. मग किंचित हसून म्हणाली, पाडव्याला सामना आहे हे त्याच्या कानावर आलंय, शहाद्याचा संघ येतोय का तेवढं विचारून ये असं त्यानं सांगितलंय.

"येई ऱ्हायना," भाईदास म्हणाला.

"भाऊ, एक गोट इचारानी शे." तिनं गाठोडं मांडीवर घेतलं. "खरं सांगा."

त्याला वाटलं, आलं. सहा वर्षं ज्याची वाट बघत होतो ते आलं, ते या बाईच्या रूपानं आलं हे बरंच झालं. ती सांगत गेली, आपल्या भिलोरीत, मध्ये मध्ये खालची बोली मिसळून, सावकाश. पाय का बरा होत नाही म्हणून पाड्यावरच्या पंचांनी दरसाल विचार केला. आधी म्हणत होते, पालनीत डोंगर उतरला म्हणून. पण पालनीत माणसं बाजारालाही उतरतात, त्यांना काही होत नाही. मग कोणाला तरी ती भाकरी आठवली. बायकोच्या हातची. दोन वर्षं झाली, तिला मागं वेगळी झोपडी घालून दिलीय, चुलीला शिवू देत नाहीत, वीरसिंगचं जेवण त्याची भावजय करते. या होळीला निकाल लागायचा आहे. तिनं पंचांना सांगितलं, भाकरी मी बांधून दिली हे खरं, पण त्यानं ती खाल्ली की नाही कोणाला माहीत? वीरसिंगला विचारलं तर तो म्हणतो, आठवत नाही. त्याला आठवतं, ती म्हणाली, पण तो सांगत नाही, मला घालवायचं नाही म्हणून, आणि देवाच्या कामात त्याला खोटंही बोलवत नाही.

"पंच म्हनतस, पाटील तठे व्हता, पाटीलले इचारी ये. पाटील सांगी ते खरं." तिनं वर बघितलं. "नही खादी व्हई ते मी घरमा ऱ्हासू. खादी व्हई ते होळीना दुसरा दिन मी मायना घर जासू. कायमनी. तुम्ही सांगा भाऊ. पडाना आधी त्यानी मन्ही भाकर खादी व्हती का?"

भाईदासला तिचा प्रश्न नीट ऐकूच आला नाही. म्हणजे शब्द ऐकू आले, पण त्याच्या आत काहीतरी इतक्या जोरानं वर येत होतं की त्या शब्दांना जागा उरली नाही. दोन वर्षं. वेगळी झोपडी. एका भाकरीसाठी... आणि खापर फिरत फिरत कोणाच्या डोक्यावर येऊन फुटलं बघ, देवावरून नवऱ्यावर आणि नवऱ्यावरून हिच्यावर, आणि मी इथं खिशात कांदा घालून फिरतोय.

"फुलीबाई, पाय भाकरमुळे नही मोडना," तो म्हणाला. "मैदानमुळे मोडना. मन्हा मैदानमुळे."

आणि मग त्याला थांबवेना. हरळी कशी खणली, जमीन कशी चोपली, डॉक्टर काय म्हणाले, गवत असतं तर काय झालं असतं, आपण ते दवाखान्यात कसं दडपलं, वीरसिंगला काय बोललो — सगळं, एकही गोष्ट न गाळता, हात हलवत, खळ्याकडे बोट दाखवत. आयुष्यात तो इतकं सलग कधी बोलला नव्हता. बोलताना त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत. फुलीबाई ऐकत होती. मध्ये एकदा तिनं खळ्याकडे बघितलं, मग परत त्याच्याकडे.

तो थांबला.

"तुम्हनं मन मोठं शे, भाऊ," ती म्हणाली. "मन्हं पाप तुम्ही तुम्हना आंगवर ली ऱ्हायनात."

"पाप नही. खरं सांगी ऱ्हायनू मी."

"मैदान ते चांगलं व्हतं. तोबी सांगस. असं मैदान कोठेच नही म्हने." तिनं गाठोड्याची गाठ सोडली आणि परत बांधली. "बाकीना बी खेळनात ना तठे? त्यासना पाय नही मोडनात." आणि मग, अगदी हळू, "पन भाकर?"

"खादी," भाईदास म्हणाला. अजून त्याच वेगात होता तो, खरं बोलण्याच्या, उतारावरून निघालेल्या गाडीसारखा. "मन्हा समोर खादी. मालेबी तुकडा दिन्हा. पन त्यामुळे काही नही व्हयनं, मी सांगी ऱ्हायनू ना तुले —"

तिनं मान हलवली. त्याच्या बोलण्याचा शेवट तिनं ऐकला असेल, नसेल. तिनं लुगड्याचा पदर डोक्यावर ओढून घेतला, जमिनीला हात टेकून उठली.

"बस. इतलंच इचारानं व्हतं."

"फुलीबाई, पंचले सांग. पाटील काय म्हने ते सगळं सांग."

"सांगसू," ती म्हणाली. त्याला वाकून हात जोडले, आणि बांधावरून निघाली.

तो उभा होता. सावली पायाखालून सरकून गेली होती. ती पंचांना काय सांगणार होती, तर पाटील म्हणाला खाल्ली, आणि मैदानाचं काहीतरी बोलत होता, रडत होता, मनानं चांगला आहे. आणि पंच माना डोलावणार होते. पाटील सांगेल ते खरं... हे वाक्य तिनं म्हटलं तेव्हा मी कुठं होतो? ती एक शब्द मागायला आली होती. दोन दिवस डोंगर उतरून, एकटी, एक शब्द. नाही. नाही खाल्ली. एवढंच म्हणायचं होतं, आणि ती या होळीला आपल्या घरात, आपल्या चुलीपुढं बसली असती. सहा वर्षांपूर्वी खाटेशेजारी मला खोटं किती सहज सुचलं होतं, कोणी न मागता. आज मागितलं तर सुचलं नाही. आज मला खरं बोलायचं होतं. तिला काय हवं होतं ते मी ऐकलंसुद्धा नाही, मला माझं सांगायचं होतं.

अजून हाक मारता येईल. ती फार लांब गेली नव्हती, हाकेच्या टप्प्यात होती, लुगड्याचा लाल काठ दिसत होता. हाक मारायची, धावत जायचं, म्हणायचं, चुकलो, आता नीट आठवलं, भाकरी फडक्यातच राहिली होती, नंतर कुत्र्यानं नेली. विश्वास ठेवेल ती? ठेवेल, तिला ठेवायचाच आहे. पण मग मैदानाचं जे सांगितलं तेही गेलं, तेही त्याच तोंडचं, उलटं फिरणाऱ्या माणसाच्या तोंडचं... असा हिशेब तो करत उभा होता, आणि हिशेब करत असतानाच त्याला दिसलं की आपण अजूनही तेच जपतोय. ते एक खरं. सहा वर्षं उशिरा बोललेलं, कोणाच्याही उपयोगी न पडलेलं, फक्त माझं. होळीला चार दिवस आहेत, वर जाता येईल, पंचांपुढे उभं राहता येईल. तिथं उभा राहून मी काय बोलेन? खरं की तिच्या कामाचं? मला सांगता येत नाही.

ती वाटेच्या वळणाशी पोचली आणि उसाच्या आड दिसेनाशी झाली, तरी हाक तोंडातून निघाली नव्हती. आणि लाज वाटत होती ती तिला घालवल्याची नव्हती, निदान अजून तरी नव्हती. लाज याची वाटत होती की मघाशी, सगळं बोलून झाल्यावर, तिच्या तोंडाकडे बघायच्या आधी, मला फार बरं वाटलं होतं.